लोर्ना हेपलचं औषध

अ‍ॅशिंग्टनमधल्या निम्म्या घरांतल्या, भिंतीला लावून खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरचं पाणी लोर्ना हेपलनं डोळ्यांनी पाहिलं होतं, नाकानं हुंगलं होतं, आणि आता लपवायचं कशाला, दोन-तीनदा तिच्या तोंडातही गेलं होतं. चव विचारली तर ती "विचारू नका" म्हणायची आणि वर एवढी खदाखदा हसायची की समोरच्याच्या कपातला चहा बशीत यायचा.

वय सत्तेचाळीस, हाडापेरानं दणकट, आवाज असा की तळघरातून बोलली तरी माडीवर ऐकू जावं. कुणाच्याही घरात शिरली की आधी कसे आहात, काय आहात वगैरे काही नाही. सरळ भिंतीशी जायची आणि रेडिएटरला पालथा हात लावायची. एकदा वर, एकदा खाली. "वर गरम, खाली गार! गाळ बसलाय हो. तुम्ही गॅस जाळताय तो या चिखलाला ऊब द्यायला!" मग तोटी सोडून बरणीभर पाणी काढायची. पाणी काळंकुट्ट. बरणीला बाहेरून लोहचुंबक लावलं की आतला काळा गाळ त्याच्याकडे सरसरत यायचा, आणि घरातली बाई "अगंबाई!" म्हणून मागे सरायची. हा क्षण लोर्नाला फार आवडायचा. "हे बघा, हे तुमचे रेडिएटर. आतून गंजून गंजून बरणीत आलेत. अजून दोन वर्षं थांबला असतात तर भिंतीवर नुसता रंग उरला असता."

त्यानंतर दिवसभर धुलाई. मोठा पंप लावायचा, रबरी हातोड्यानं एकेका रेडिएटरला बडवायचं, सगळी घाण गटारात. पाणी नितळ झालं की शेवटी बाटलीतलं औषध. लोखंडाला गंज धरू न देणारं. "झालं! आता या पाण्याला हात लावायचा नाही. जुनं पाणी चांगलं, नवं पाणी वाईट. नवं पाणी आत गेलं की त्याच्याबरोबर हवा जाते, हवेनं गंज येतो, आणि मग मी येते!" खाणवाल्यांच्या क्लबात तर ती चारचौघांत छातीवर हात मारून सांगायची, "माझ्या हातचं पाणी पाच वर्षं काळं होणार नाही. झालं तर फुकट धुऊन देईन."

गावानं तिला डोक्यावर घेतलं होतं. एक घर सोडून. आणि ते घर तिच्या बापाचं! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय उगाच?

विल्फ हेपल, वय अठ्ठ्याहत्तर, चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेली. खाणीतून घरी फुकट कोळसा यायचा आणि बैठकीत शेगडी धगधगायची, तेच त्याच्या लेखी तापमान. "पाण्यानं कधी घर तापतं का?" असं तो वीस वर्षं म्हणत आला. शेवटी त्याची बायको मेव्हिस खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "विल्फ, राख काढून माझी कंबर मोडली. आता या घरात एक तर ती शेगडी राहील, नाहीतर मी." विल्फनं विचार करायला दोन दिवस मागून घेतले. मेव्हिस ते अजून विसरलेली नाही.

तर लोर्नानं बापाच्या घरात पाणी तापवणारा बॉयलर बसवला, आठ रेडिएटर लावले, पितळेचा एकेक जोड असा चकचकीत केला की आरशासारखा. औषध घातलं. बापाला बॉयलरखालची चावी दाखवली. "दाबाची ही सुई दीडच्या खाली आली तर चावी एवढीशी फिरवून नळाचं पाणी आत घ्यायचं, बाबा. दीडवर आली की बंद. आणि पाण्याकडे जरा लक्ष ठेव." विल्फनं रेडिएटरवरून हात फिरवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "हं."

बस! "हं." लोर्नानं एवढं करून मिळवलं काय, तर एक अनुस्वार. तिला मोठं काही नको होतं हो. एकदा, फक्त एकदा, बापाच्या तोंडून "पोरी, काम चांगलं केलंस" एवढं ऐकायचं होतं. सोळाव्या वर्षी "मला हातात पाना धरायचाय" म्हणाली तेव्हापासून ती या एका वाक्याची वाट बघत होती.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मेव्हिसचा फोन आला. "लोर्ना, मी घरात कोट घालून बसलेय गं."

लोर्ना गेली, पालथा हात लावला. वर गरम, खाली गार. बरणी भरली. काळंकुट्ट!

"अशक्य," ती म्हणाली.

"हं," विल्फ म्हणाला.

तिनं सगळं धुतलं, नवीन औषध घातलं. जूनमध्ये सहज बघायला गेली, पुन्हा काळं, आणि औषधाचा पाण्यात मागमूस नाही. औषध नाही म्हणजे पाणी कुठून तरी गळतंय. मग काय विचारता! तिनं आईचा गालिचा गुंडाळला, फळ्या उचकटल्या, तीन दिवस जमिनीखाली पोटावर सरपटली. ओल म्हणून नाही. सुई बघावी तर बरोब्बर दीडवर, जशी काही तिथं चिकटवलीये. गळती असती तर सुई खाली यायला नको? बाहेर आली ती अंगभर धूळ आणि केसात कोळ्याचं जाळं घेऊन. विल्फ दारात उभा. "सापडलं का काही?" त्यानं विचारलं, आणि लगबगीनं आपल्या वाफ्याकडे निघून गेला.

मेव्हिसनं ही कथा बिंगोच्या टेबलावर सांगितली. म्हणजे संपलंच. दुसऱ्या दिवसापासून लोर्ना क्लबात शिरली की कोपऱ्यातून हाक यायची, "काय लोर्ना, हेपलांच्या घरचं काळं पाणी निवळलं का?" हाक मारणारा कडी डॉड्स. पूर्ण नाव कथबर्ट, पण त्या नावानं त्याला फक्त पाद्री हाक मारायचा. "दिव्याखाली अंधार गं बाई!" कडी म्हणायचा आणि ग्लास उंचावायचा. लोर्ना हसण्यावारी न्यायची. पण घरी आल्यावर तिला जेवण जायचं नाही. गाव हसतंय त्याचं एवढं नव्हतं. बाप काय म्हणत असेल मनात, याचं होतं.

आता बापाचं मन कुठं होतं ते सांगायला हवं. ते होतं लीकमध्ये. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा दांडगा थोरला भाऊ, आणि आमच्या इथल्या खाणवाल्यांचा देव. दर सप्टेंबरात क्लबात लीकचं प्रदर्शन भरतं. जोडी मांडायची, पट्टी लावून मोजायची, ज्याची सगळ्यात थोराड त्याला चषक. मांडीएवढ्या जाड लीक इथं लोक पोरासारख्या वाढवतात. पोरासारख्या कसल्या, पोरांना एवढं कुणी विचारत नाही! आणि प्रत्येकाचं खत म्हणजे गुपित. कुणी मेंढीच्या लेंड्या भिजवतो, कुणी काळी बिअर ओततो, कुणी काय ते मरताना मुलाच्या कानात सांगून जातो. विल्फनं एकतीस वर्षं जोडी मांडली. दुसरा आला, चौथा आला, एकदा गोगलगायींनी खाल्ली म्हणून आलाच नाही. पहिला कधीच नाही. गेली तीन वर्षं चषक कडी डॉड्सच्या कपाटात.

त्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या शनिवारी, दुपारी, लोर्ना आईकडे गेली. विल्फ सकाळपासून क्लबात होता. तिला म्हाताऱ्याच्या पाठीमागे पाणी एकदा शेवटचं तपासायचं होतं. बरणी भरली. काळी! या वेळी तिनं रेडिएटर सोडून तोट्यांकडेच नीट बघितलं. सात रेडिएटरांच्या तोट्यांवर धूळ बसलेली. आठव्याची, मागच्या दाराजवळची, लख्ख. हाताळून हाताळून चकाकलेली. आणि तिच्या मागे, पायपुसण्याखाली, हातभर नळी.

"आई," लोर्ना म्हणाली, "ही नळी कशाची?"

"मंगळवारची," मेव्हिस विणकाम न थांबवता म्हणाली.

"मंगळवारची म्हणजे?"

"अगं, तुझे बाबा दर मंगळवारी बादली भरतात ना त्यातून. मग खालची चावी फिरवून सुई वर आणतात. अगदी काटेकोर हो, एक मंगळवार चुकवला नाही. तूच सांगितलंस ना? पाण्याकडे लक्ष ठेव म्हणून?"

लोर्ना जमिनीवर बसली. तीन दिवस ज्या जमिनीखाली सरपटली त्याच जमिनीवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आधी तिच्या पोटातून एक हुंदक्यासारखा आवाज आला. मग हसू फुटलं, असं फुटलं की ती पायपुसण्यावर आडवी झाली. गळती नव्हती! जोड सुटला नव्हता! काम चोख होतं! गळती दोन पायांवर चालत मागच्या दारानं बाहेर जात होती! मेव्हिसलाही काही न कळता हसू यायला लागलं, आणि मायलेकी डोळे पुसत, एकमेकींना "गप्प गं, गप्प" करत हसत राहिल्या.

"पण करतो काय तो त्या पाण्याचं?" शेवटी लोर्नानं विचारलं.

"लीकला घालतात."

लोर्नाचं हसू तिथल्या तिथं थांबलं. ती उठली, मागच्या खोपटात गेली. खिळ्याला बापाची वही लटकत होती. जानेवारीपासून दर मंगळवारी एक ओळ, ठळक अक्षरात: "लोर्नाचं औषध, अर्धी बादली."

आता तुम्ही म्हणाल, असेना का, लीकनं पाणी प्यायलं, त्यात काय बिघडलं? बिघडलं होतं ते असं. प्रदर्शन संपलं की मांडलेली प्रत्येक लीक क्लबच्या स्वयंपाकघरात जाते, मोठ्या भांड्यात सूप होतं, आणि गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ते वाढतात. पहिल्या नंबरवाला आपली जोडी स्वतःच्या हातानं, सगळ्यांच्या देखत भांड्यापाशी नेतो. आणि नियम जुना आहे, दगडावरची रेघ. ज्यानं आपली लीक भांड्यात द्यायला नकार दिला, त्यानं नको ते काहीतरी घातलंय असं समजायचं, आणि त्याचा नंबर रद्द.

लोर्नानं व्हॅन अशी हाणली की मागचे सगळे पाइप एकमेकांवर आदळत होते. "नको जिंकूस, बाबा," ती स्टिअरिंगला सांगत होती. "चौथा ये. पाचवा ये. आज गोगलगायींनी खाऊ दे!"

क्लबच्या दारात पोचली तोच आतून टाळ्यांचा गडगडाट. बाहेर उभ्या बाईनं तिला मिठीच मारली. "अगं तुझा बाप जिंकला! एकतीस वर्षांनी! कडीचं तोंड बघ जा, आंबट झालंय!"

आत विल्फ मंचावर उभा. एकुलता एक सूट, केसांना पाणी लावून चापून भांग पाडलेला, एका काखेत चषक, दोन्ही हातांवर दोन लीक, पांढऱ्याशुभ्र, त्याच्या दंडांपेक्षा जाड. गाल लाल. लोर्नानं बापाला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. वरचे दोन दात नाहीत हेही तिला त्या दिवशी कळलं.

"विल्फ, लेका, गुपित सांग!" कुणीतरी ओरडलं.

"नशीब!" विल्फ ओरडला. सगळे हसले, कारण प्रत्येक जिंकणारा हेच सांगतो. मग तो पायऱ्या उतरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे निघाला. तिथं बायका सुऱ्या घेऊन तयार, भांड्याला उकळी. पुढच्या टेबलांवर म्हाताऱ्या गळ्यात रुमाल बांधून बसलेल्या.

लोर्ना माणसं ढकलत आडवी गेली. तोंड बापाच्या कानाशी नेलं. "बाबा, थांब. त्या भांड्यात टाकू नकोस."

"का?"

"मंगळवारची बादली. मी वही बघितली."

विल्फचे कान लाल झाले. "तुझ्या आईला सांगितलं होतं, नळी झाकत जा."

"बाबा, ते औषध लोखंडासाठी असतं. पोटात जायचं नसतं. बाटलीवर लाल अक्षरात छापलंय. वाचलं नाहीस का?"

"वाचायचं काय त्यात?" विल्फ म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं. "तू घातलेलं होतं ना? मग वाईट कसं असेल?"

तीस वर्षं लोर्ना जे ऐकायला कान टवकारून बसली होती, ते आलं होतं, आणि आलं ते केव्हा! बापाला कडकडून मिठी मारावी की दोन लीकनी त्याला बडवावं, हे तिला ठरवता येईना.

"माणसं मरतील का गं?" विल्फनं हळूच विचारलं.

"मरणार नाहीत बहुतेक. पण त्या बेसी आजी ब्याण्णव वर्षांच्या आहेत, बाबा. मला नाही सांगता येत."

विल्फनं चषकाकडे बघितलं.

"मी सांगते," लोर्ना घाईघाईनं म्हणाली. "माझ्या हातून बाटली सांडली वाफ्यात, असं सांगते. तुझा दोष नाही म्हणते. कदाचित चषक..."

"गप्प बस," विल्फ म्हणाला. "लीक माझ्या आहेत."

तो वळला. दोन्ही लीक तान्ह्या पोरांसारख्या छातीशी धरल्या आणि खाणीतल्या आवाजात म्हणाला, "ही जोडी भांड्यात जाणार नाही!"

सुरी घेतलेली बाई तशीच उभी.

कडी डॉड्स उठला. "विल्फ, नियम माहीत आहे ना तुला?"

"कडी, तू चड्डीत होतास तेव्हापासून मला तो नियम माहीत आहे. नंबर रद्द, ठीक आहे, घे. पण आधी ऐका सगळ्यांनी." तो थांबला. भाषणाची सवय नव्हती, नाकावर घाम आला होता. "यात माझ्या पोरीचं औषध आहे. रेडिएटरातलं. जानेवारीपासून दर मंगळवारी मी ते चोरून काढत होतो, तिला न विचारता. इतके दिवस तुम्ही सगळे काळं पाणी, काळं पाणी करून तिला हसलात ना? ते मी केलं. तिचं काम सोन्यासारखं होतं. एकतीस वर्षं मी लीकला गावभरची खतं घातली. मग म्हटलं, आपल्या घरात सगळ्यात चांगलं असं काय आहे, ते घालावं. माझी पोरगी या गावात सगळ्यात..." इथं तो अडला. शब्द शोधत त्यानं छताकडे बघितलं, लीककडे बघितलं. "सगळ्यात," तो पुन्हा म्हणाला, आणि खाली बसला.

मग पुढच्या टेबलावरून बेसी आजींचा बारीक आवाज आला, "म्हणजे याच्या घरचे रेडिएटर लीकमुळे गार होते?" आणि सगळा क्लब फुटला. टेबलं बडवली गेली, कुणाची कवळी निसटली, सुरीवाल्या बाईला भिंतीचा आधार घ्यावा लागला. लोर्ना हसत होती आणि रडत होती आणि बाहीनं नाक पुसत होती. कडी डॉड्सला चषक मिळाला, पण त्याच्याकडे बघायला कुणालाही सवड नव्हती. बिचारा आपली जोडी एकटाच भांड्यापाशी घेऊन गेला.

सूप संपल्यावर तो लोर्नाजवळ आला. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "लोर्ना, आमच्या घरचं पाणी बघायला केव्हा येतेस?"

"तुमचं तर गेल्याच महिन्यात बघितलं."

"हो, पण... अर्धी बादली म्हणाला ना तो? का पाऊण?"

"कडी काका!" लोर्ना इतकी जोरात ओरडली की तो चषकासकट पळाला. त्या आठवड्यात तिला एकोणीस फोन आले. तिनं एकोणीसही घरांच्या तोट्यांना तारेनं बांधून शिक्के मारले.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी तिनं बापाला व्हॅनमधून घरी नेलं. दोन लीक दोघांच्या मध्ये, पट्टा लावून बसवलेल्या, कारण विल्फ त्यांना मागे पाइपांत टाकू देईना. विल्फ खिडकीबाहेर बघत होता.

"सोमवारी येऊन धुऊन देते सगळं," लोर्ना म्हणाली. "पण आता बादली नाही."

"नाही."

"वाईट वाटतंय का, बाबा? चषकाचं?"

"वाटतंय," विल्फ म्हणाला. "फार."

व्हॅन घराच्या वळणावर आली. खिडकीत मेव्हिस दिसत होती, अजून कोट घालून. विल्फनं घसा साफ केला. लोर्नाकडे न बघता म्हणाला, "मी तिथं सगळ्यांसमोर म्हणालो. ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाबा."

"नीट?"

"नीट."

"बरं झालं," तो म्हणाला आणि लीकचा पट्टा सोडवायला लागला. "मला दुसऱ्यांदा नाही जमायचं."